डीजे सुयशच्या सर्व तारखा फुल्ल

माणूस जन्माला येतो तेव्हा त्याला नाव नसतं. ते बाराव्या दिवशी इतर लोक ठेवतात आणि पुढे आयुष्यभर ते मोठं करण्याची जबाबदारी मात्र त्याच्या एकट्यावर टाकून जेवायला बसतात.

सायखेड्याच्या सुयशने ही जबाबदारी शास्त्रशुद्ध पार पाडली. दिवसा तो पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षांच्या पेट्यांना चिकटपट्टी लावत असे आणि उरलेल्या वेळात 'डीजे सुयश, नाशिक' असे. (सायखेडा म्हटलं की लोक कांद्याचा भाव विचारतात.) त्याला हवं होतं एकच, बहीण संजनाच्या हळदीत वाजवायचं. त्यासाठी त्याने अकरा मिनिटांचं एक गाणं तयार केलं होतं. त्यात आईच्या आवाजातलं, चोरून रेकॉर्ड केलेलं हळदीचं गाणं होतं आणि खाली चिकटपट्टी फाडल्याच्या आवाजाचा ठेका. संजनाने ते गच्चीवर हेडफोन लावून ऐकलं आणि ती ढसाढसा रडली.

"दादा, हळदीला हेच पाहिजे. दुसरं काही वाजलं तर मी पाटावर बसणार नाय."

अडचण वडिलांची होती. "पाहुणे इचारतील, डीजे कोण? नाव असलेला माणूस लागतो," निवृत्ती म्हणाले. "तुझं नाव झालं की पहिली सुपारी माझी." (या धंद्यात सुपारी म्हणजे वाजवायचं बोलावणं. पोलिसांनी गैरसमज करून घेऊ नये.)

हळदीला तीन महिने होते. सबब नाव करण्याचं काम तातडीने हाती घेण्यात आलं. बालमित्र राकेश याची मॅनेजरपदी नेमणूक झाली. पात्रता: त्याच्याकडे दुसरं सिमकार्ड होतं.

राकेशने पानटपरीवर बसून सखोल पाहणी केली. पंचक्रोशीत दर अकरा घरांमागे चार डीजे असून त्यांपैकी तिघांचं नाव झालेलं आहे, असं त्याला आढळलं. (चौथ्याची आई त्याला कामाला जा म्हणते.) नाव होण्याचा वाजवण्याशी कसलाही संबंध आढळला नाही.

त्यानुसार हाताची घडी घालून फोटो काढण्यात आला. डोळ्यांवर गॉगल होता, तो द्राक्षबागेत फवारणीला वापरतात तो. 'परदेश दौरा' म्हणून ओझरच्या विमानतळाबाहेर रिकामी सूटकेस धरून एक रील झालं. चौफुलीवर फ्लेक्स लागला आणि त्यावर एकोणीस शुभेच्छुकांचे फोटो छापले गेले. त्यांतल्या एकानेही सुयशला ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे शुभेच्छा निर्मळ होत्या. प्रत्येक गाण्यात दर आठ सेकंदांनी 'डीजे सुयश' म्हणणारी एक बाई बसवण्यात आली. फक्त संजनाच्या गाण्यात तिला घातलं नाही. आई गात असताना मध्येच कुणी बोललेलं सुयशला चाललं नसतं.

शेवटी राकेशने फ्लेक्सच्या तळाला लाल पट्टी ओढली: 'लग्नसराईच्या सर्व तारखा फुल्ल.'

यामागचा विचार निर्दोष होता. ज्याला कुणी बोलावत नाही त्याला कुणीच बोलावत नाही. म्हणून सगळ्यांनी बोलावलंय असं आधीच जाहीर करून टाकायचं. फोनचीही नियमावली ठरली. पहिल्या फोनला 'तारीख नाही', दुसऱ्याला 'बघतो', तिसऱ्याला 'फक्त तुमच्यासाठी म्हणून'.

परिणाम थक्क करणारा होता. चहावाला 'या डीजे' म्हणू लागला. पॅकहाऊसचा मुकादम पेट्या पुढे करताना 'वेळ असेल तर' असं म्हणू लागला. सुयशला ऐकलेल्यांची संख्या मात्र एकवर स्थिर राहिली.

एके सकाळी निवृत्तींनी फ्लेक्स वाचला, दोनदा वाचला आणि ते छाती फुगवून घरी आले. "झालं रे बाबा तुझं नाव. अठ्ठावीस तारीख धर."

सुयशला उडीच मारावीशी वाटली. पण नियम म्हणजे नियम. "बाबा, तारखेचं मॅनेजरशी बोला," तो म्हणाला.

निवृत्तींनी तिथेच उभं राहून नंबर लावला.

"नमस्कार, आपलं शुभनाव?"

"राक्या, मी निवृत्तीकाका. संजनाची हळद हाय अठ्ठावीसला."

"सॉरी काका. अठ्ठावीसला तारीख नाय."

"बरं," म्हणून काकांनी फोन ठेवला.

सुयश आणि राकेश दुसऱ्या फोनची वाट पाहू लागले. पण निवृत्तींनी अठरा वर्षं कांद्याच्या लिलावात काढलेली होती. तिथे एकदा नाही झालं की व्यापारी पुढच्या ट्रॅक्टरकडे जातो. (बापलेक एकाच घरात जेवत होते, हे खरं. पण 'बाबा, मी मोकळाच आहे' असं सांगणं म्हणजे इतक्या दिवसांच्या मेहनतीवर पाणी.)

पुढचा ट्रॅक्टर म्हणजे ओझरचा डीजे अमीर. तारखा त्याच्याही फुल्ल होत्या, पण फोन त्याच्या आईने, जैतुनबींनी उचलला. "फुल्ल कसला? घरीच पडलाय. घेऊन जा, भाऊ."

हळदीला निवृत्तींनी पाहुण्यांना सुयशची ओळख करून दिली. "हा माझा मुलगा. लय मोठा डीजे हाय. त्याला आज तारीख नव्हती." पाहुण्यांनी त्याच्याबरोबर फोटो काढले.

संजना दादाकडे बघत उभी होती. अमीर जवळ आला. "भाऊ, तुझं काही असेल तर दे ना, लावतो." सुयशचा हात खिशातल्या पेनड्राइव्हवर गेला.

"येडा हाय का?" राकेश कानात म्हणाला. "दिलंस तर सगळ्यांना कळंल, तू मोकळा होतास."

तेवढ्यात एका पाहुण्याने मोबाइल वर धरला. हात खिशातून रिकामाच बाहेर आला आणि त्याची घडी झाली. संजना मुकाट्याने पाटावर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा बायका म्हणाल्या, हळद गेली असेल.

फ्लेक्स अजून चौफुलीवर आहे आणि पुढच्या लग्नसराईच्याही सर्व तारखा फुल्ल आहेत. तुम्हाला सुयशबद्दल वाईट वाटलं असेल. पोराचं गाणं वाजायला हवं होतं, असंही वाटलं असेल. त्या गाण्याचा एक ठोकाही न ऐकता तुम्हाला हे वाटलं, हे विशेष. शुभेच्छुक होण्यासाठी नेमकी हीच पात्रता लागते. विसाव्या फोटोची जागा मोकळी आहे. हाताची घडी घालून राकेशच्या दुसऱ्या नंबरवर पाठवा.