हौसाबाई कासार दोन असल्याची हकीकत

श्रीगजाननास वंदन, शारदेस वंदन, आणि ज्यांनी हात धरून पहिले अक्षर गिरवून घेतले त्या गुरूंस वंदन. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर, पौषमास. बाळांनी पुसिले की बँकेत तलवार नाही, घोडा नाही, मग तेथे शूर कोण? सबब ही हकीकत लिहितो, ती सावकाश ऐकावी.

बँकेचे एक थोर राज्य होते आणि त्याची प्रजा उदंड होती. परंतु एकच मनुष्य नोंदीत दोनदा, कोठे तीनदा लिहिला गेला होता, त्याणे कारभारात घोळ फार जाहला. मग थोरले कारभारी दिगंबरपंत होशिंग यांनी शर्वरीबाई वायंगणकर यांस शुद्धनवीस नेमिले. नोंदी तपासाव्या, चुकीच्या नीट कराव्या, हे त्यांचे काम. बाईंनी संगणकास नियम घालून दिला की नाव, आडनाव, गाव आणि जन्मतारीख जुळेल तेथे मनुष्य एकच समजावा, आणि संगणकाने हजारो जोड्या एक केल्या, आणि दरबारी वाहवा जाहली.

मग पौषात एक बाई शाखेत आल्या, नाव हौसाबाई कासार, धंदा बांगड्यांचा. माघी पुनवेची जत्रा तोंडावर आलेली, तीत वर्षाची कमाई, आणि माल भरण्यास स्वतःचे साठविलेले पैसे काढावयाचे. खिडकीवरील कारकून पडद्याकडे पाहून दबकत बोलिले, "मावशी, तुम्ही वारलात असं दिसतंय. खात्याला कुलूप आहे."

"मी वारले? मग तुझ्यापुढे उभं कोण, माझं भूत? आणि भुताला रांगेत कशाला उभं केलंस रे?"

रांगेत हशा पिकला, परंतु कुलूप निघेना. तेव्हां प्रकरण शर्वरीबाईंकडे आले. पाहतात तो गावात हौसाबाई कासार दोन, दोघींची जन्मतारीख एक जून, साल तेच, नवऱ्याचे नाव कोणी आळसाने इंग्रजीत नुसते "जी." लिहिलेले. एक गणपतरावांची, एक गोविंदरावांची. संगणकाने दोघी एक केल्या, आणि गोविंदरावांची वारली ती दोघींच्या नावे वारली.

बाईंनी पुसिले, "मावशी, दोघींचा जन्म एकाच दिवसाचा?"

"कसला एकाच दिवसाचा! मी होळीची, ती दिवाळीतली. शाळेत घालताना आईला तारीख ठाऊक नव्हती, मग गुरुजींनी एक जून लिहिली. आमचा अर्धा वर्ग एक जूनचा!"

हे ऐकून शर्वरीबाईंस आपले वडील आठवले, तेही एक जूनचेच होते, आणि दरसाल त्या दिवशी घरी श्रीखंड होत असता तारीख खरी की कसे हे बाईंनी कधी पुसिले नव्हते. मग त्या उठोन पंतांकडे गेल्या आणि बोलिल्या, "पंत, नियम माझा आणि चूकही माझी. एक जूनच्या सगळ्या जोड्या सोडवायला हव्यात."

पंत उसळले, "अहो बाई, उद्या वर कळवायचंय काम फत्ते झालं म्हणून! त्या मावशींचं कुलूप काढा आणि विषय मिटवा."

"मावशी भांडल्या म्हणून कळलं. जे भांडायला आलेच नाहीत त्यांचं काय?"

पंतांनी चष्मा काढिला, पुसिला, पुन्हा लाविला आणि बोलिले, "वर शिव्या मी खातो. तुम्ही फोन लावा."

मग हौसाबाईंचे कुलूप त्याच दिवशी निघाले. आणि सर्व कारकून फोनास बसले, आणि जोडीतील एकेकास पुसूं लागले, आणि पलीकडून कोणी रागावे, कोणी हसावे, कोणी आपल्या जन्माची खरी हकीकत सांगत बसावे. कित्येक मिटलेली माणसे ऐशी पुन्हा नांदती जाहली.

हौसाबाई पैसे पदरी बांधोन निघाल्या, त्या दारातून परतल्या आणि बोलिल्या, "पोरी, ती हौसा माझ्याच बाकावर बसायची. ती गेली हे खरं. पण तिचं नाव माझ्यात मिसळून टाकू नको. वेगळं लिही, नवऱ्याचं नाव पुरं घालून."

बाईंनी त्यांस शेजारी बसवून घेतले आणि त्यांच्या देखत लिहिले: हौसाबाई गोविंद कासार.

येणेप्रमाणे जाहले ते लिहिले. दोन नोंदी सारख्या दिसल्या तर माणसास पुसावे. पुसण्यास जो लाजत नाही तो शूर, बाळांनी ऐसे जाणावे. इति.