लंगड्या कोल्ह्याकडचं जेवण

मनोहर वैरागडे यांनी उभ्या आयुष्यात हॉटेलात बसून कधी जेवण केलेलं नाही, आणि इंग्लंडातल्या श्रॉपशर नावाच्या खेडवळ जिल्ह्यात कुठे जेवावं, याबद्दल त्यांच्याइतका जाणकार माणूस अख्ख्या भोपाळात नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या जिल्ह्यातही ते कधी गेलेले नाहीत. त्यांच्याकडे पासपोर्टच नाही.

आम्ही दोघं एकाच सरकारी कारखान्यात. टाउनशिपमध्ये आमची क्वार्टर्सही एकाला एक लागून, मधे फक्त मेंदीचं कुंपण. वैरागडे मूळचे वर्ध्याचे. नोकरीसाठी भोपाळला आले आणि इन्स्पेक्शन खात्यात चिकटले. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंत खोट काढायची, हे त्यांचं काम. ते त्यांनी इतक्या निष्ठेनं केलं की संध्याकाळी घरी आल्यावरही त्यांना ते बंद करता येईना. त्यांच्या लेखी जगातल्या सगळ्या वस्तूंचे तीनच प्रकार: पास, रिजेक्ट आणि रीवर्क, म्हणजे दुरुस्तीला परत. आमच्या मुलाच्या लग्नाचा हॉल रीवर्क होता. मीही बहुधा त्यातच येत असेन.

एकदा मी त्यांना जवाहर चौकात पोहे-जिलबी खायला नेलं. त्यांनी आधी कढईतलं तेल पाहिलं, मग तळणाऱ्याची नखं पाहिली, मग पाण्याच्या पिंपात वाकून पाहिलं. "भाईसाहब, ये पानी कब का है?" असं त्यांनी दुकानदाराला अगदी सौम्यपणे विचारलं. दुकानदार म्हणाला, पीनेवाले के हिसाब से. वैरागडे बाहेर गेले. मी दोघांचे पोहे संपवून आलो, तेव्हा ते स्कूटरपाशी उभे राहून खिशातले फुटाणे खात होते.

अशा माणसाला हा श्रॉपशरचा नाद लागला तो त्यांच्या मुलीमुळे. शुभदा त्यांची एकुलती एक. फिजिओथेरपी शिकली आणि तिकडच्या एका लहानशा गावातल्या दवाखान्यात नोकरीला लागली. चहूकडे शेतं, शेतांत मेंढ्या, आणि मेंढ्यांच्या मधून जाणारे अरुंद रस्ते. ती तिकडे गेल्यावर दोन-तीन वर्षांनी वैरागडेवहिनी वारल्या. त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात वैरागड्यांचा अभ्यास सुरू झाला.

अभ्यास म्हणजे अभ्यासच. संध्याकाळी चहा झाला की ते व्हरांड्यात मोबाइल घेऊन बसत आणि त्या जिल्ह्यातल्या खाणावळींची मेन्यूकार्डं वाचत. खाली गिऱ्हाइकांनी लिहिलेल्या तक्रारीही वाचत. तक्रारींवर त्यांचा विशेष जीव. कुठलं किचन दुपारी दोनला बंद होतं आणि नंतर राजा आला तरी सँडविचच मिळतं, कुठे शेकोटी धुरकट आहे, कुठे गिऱ्हाइकाच्या आधी कुत्र्याला पाणी देतात, सगळं त्यांना तोंडपाठ. स्वतः अंडंही न खाणारा हा माणूस रविवारच्या भाजलेल्या कोकराबरोबर कुठे पुदिन्याची चटणी पातळ देतात हे खेदानं सांगे. तुम्हाला काय करायचंय, असं मी विचारलं तर म्हणाले, आपण खात नाही म्हणून माहिती चुकीची असावी असं थोडंच आहे.

तिकडच्या खाणावळींची नावं ते मराठी करून घेत. त्यामुळे घोटाळे होत. "शुभदा काल दुपारभर नांगरात होती," असं त्यांनी कुंपणावरून सांगितलं तेव्हा आमच्या सौ.ला वाटलं, पोरीची नोकरी गेली आणि ती शेतमजुरी करतेय. चांगलं गलबलून आलं तिला. नांगर हे हॉटेलाचं नाव आहे, हे कळायला दोन दिवस लागले.

टाउनशिपभर त्यांची कीर्ती झाली. नेहरू नगरला राहणारे आमच्या खात्यातले तिवारी एकदा भाच्याला घेऊन आले. भाचा शिकायला स्कॉटलंडला निघाला होता. वैरागड्यांनी त्याला तासभर श्रॉपशरमधल्या चहाच्या दुकानांची माहिती दिली. भाचा शेवटी धीर करून म्हणाला, अंकल, मैं तो वहाँ जा ही नहीं रहा. वैरागडे म्हणाले, "रास्ते में पड़ता है, बेटा. उतर जाना."

दर रविवारी संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या दुपारी, शुभदाचा फोन येई. वैरागड्यांना अलीकडे कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर. आणि कुंपणाला तर कान असतातच. शनिवारी कुठे गेली होतीस, इथून सुरुवात. मग ती सांगे. सूप कसलं होतं, पाव घरचा होता की विकतचा, सफरचंदाच्या पायवर, म्हणजे सारण भरून भाजलेल्या तिकडच्या कचोरीवर, साय होती की नुसतं कस्टर्ड. हे मधेमधे प्रश्न टाकत आणि शेवटी निकाल देत. ती हसे. बापलेकीचं असं तब्बल अर्धा-अर्धा तास चाले, आणि आमची सौ. म्हणे, पोरगी तिकडे जाऊन भारीच खवय्यी झाली.

मग आमचं इंग्लंडला जायचं ठरलं. आमचा मुलगा बर्मिंगहॅमला असतो. तिथून शुभदाचं गाव गाडीनं फार लांब नाही. वैरागड्यांना हे कळल्याबरोबर त्यांनी मला समोर बसवलं आणि बजावलं की एका रविवारी शुभदाला घेऊन लंगड्या कोल्ह्यात जेवायचं. दुसरीकडे कुठेही नाही. लंगडा कोल्हा ही जुनी, रस्त्याकडेची खाणावळ. मशरूमचा पाय तिथलाच. नंबर एक पास.

आम्ही गेलो. गाडी मुलगा चालवत होता. शुभदा दारात वाट बघत होती, आईसारखीच किरकोळ, आईसारखीच हसरी. लंगड्या कोल्ह्याचं नाव काढल्यावर तिचं हसू जरा कमी झालं. लांब आहे, गर्दी असेल, मी घरीच काहीतरी करते, असं ती म्हणत होती. पण बाबांनी शपथ घातलीय म्हटल्यावर निमूट गाडीत बसली. रस्ता तिला सांगता येईना. दोन वेळा चुकून, मेंढ्यांना वाट देत आम्ही पोचलो.

पाटीवर कोल्हा होता. एक पाय वर धरलेला. दाराला मात्र फळ्या ठोकलेल्या होत्या आणि आवारात गुडघाभर गवत माजलं होतं. समोरून कुत्रं फिरवत चाललेल्या एका बाईला मुलानं विचारलं. ती म्हणाली, बंद होऊन बरेच महिने झाले.

मी शुभदाकडे पाहिलं. आधीच्याच रविवारी, आम्ही भोपाळात असताना, कुंपणाअलीकडून मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं की ती काल लंगड्या कोल्ह्यात जेवली आणि पाय थोडा करपला होता.

तिनं आम्हाला घरी नेलं, पिठलं-भात केला, पानं मांडली, आणि वाढताना खाली बघत म्हणाली, "काका, मी यातल्या एकाही ठिकाणी गेलेली नाही."

मग तिनं सांगितलं. आठवडाभर काम असतं, शनिवारी कपडे आणि झोप. शिवाय तिथे सगळे कुटुंबानं येतात. चौघांच्या टेबलाशी एकटीनं बसवत नाही. ती मेन्यूकार्ड समोर उघडून ठेवते आणि वाचून सांगते. करपलं, अळणी होतं, हे पदरचं. बाबांना ऐकायला आवडतं, त्यांना आता दुसरा विरंगुळा काय आहे, असं ती म्हणाली. "त्यांना सांगू नका," म्हणाली. आमच्या सौ.नं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि नाही सांगणार म्हणून कबूल केलं. म्हणजे मीही केलं.

परतीच्या विमानात आम्ही दोघांनी मशरूमच्या पायची तालीम केली. भोपाळला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी वैरागड्यांनी बोलावलं. चहा पुढे ठेवला. मी सुरुवात केली. शेकोटीजवळचं टेबल मिळालं, पायचं कवच खुसखुशीत होतं, मालक बोलायला आला होता. मालकाला मी मिशाही दिल्या. वैरागडे शांतपणे ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "सानेसाहेब, लंगडा कोल्हा थंडीतच बंद झाला."

मी कप खाली ठेवला. माहीत होतं तर आम्हाला तिथे कशाला पाठवलंत, असं विचारलं.

त्यांनी माझा कप पुन्हा भरला. मग म्हणाले, "नाहीतर तुम्ही तिला कुठल्या तरी चांगल्या हॉटेलात जेवू घालून परत आला असता. दार बंद दिसल्यावर ती तुम्हाला घरी नेणार, हे मला माहीत होतं. तिचं घर कुणीतरी बघायला हवं होतं. मी विचारलं तर सगळं ठीक आहे म्हणते. पण पोरीच्या ताटात काय असतं ते बघून या, असं तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगू?"

ती कुठे जात नाही हे त्यांना पहिल्या हिवाळ्यातच कळलं होतं. एकदा तिनं सांगितलं की काल बाहेर बागेत बसून सूप प्यायले. त्या दिवशी तिथे बर्फ पडत होता. ते हवामानही रोज बघतात.

"मग तिला तसं बोलत का नाही?"

"बोलून काय करू?" ते म्हणाले. "पूर्वी तिचा फोन आला की मी म्हणायचो, थांब, आईला देतो. एवढंच माझं बोलणं. नंतर फोन यायला लागला आणि द्यायला कुणी नाही. ती तिकडे गप्प, मी इकडे गप्प. मग एकदा सुचेना म्हणून विचारलं, तिकडे बाहेर जेवायला काय मिळतं. तर बोलायला लागली, बाप्पा. ते आता खोटं म्हणून बंद करू?"

मग मी त्यांना खरं जेवण सांगितलं. घर नीटनेटकं आहे, खिडकीत कोथिंबीर लावलीय, फ्रीज भरलेला होता, भात मऊ होता, तिनं आग्रह करून वाढलं. ते पुढे सरकून, कानाला हात लावून एकेक गोष्ट ऐकत होते. निकाल कशाचाच दिला नाही.

"पिठलं घट्ट होतं की पातळ?" त्यांनी विचारलं.

"पातळ," मी म्हणालो.

वैरागडे मान हलवत राहिले.

"तिची आई घट्ट करायची," ते म्हणाले. "तेवढं शिकायचं राहून गेलं तिचं."