डब्यातला अंधार

अंधारातल्या पेशी दुसऱ्यांदा मेल्या तेव्हा ताई स्टुलावर मटकन बसली. उजेडातल्या मेल्या त्याचं तिला काही नव्हतं. त्या कर्करोगाच्या पेशी मरायलाच हव्या होत्या. धातूपासून बनवलेलं तिचं औषध अंधारात गोगलगाय आणि उजेड पडला की वाघ. गाठीवर उजेड टाकायचा, तेवढीच जाळायची, बाकी अंगाला धक्का नाही, असा सगळा बेत. उपचारात आत्याचे केस गेले, जिभेची चव गेली, तेव्हापासून ताई या औषधामागे लागली होती. पण अंधारातही ते पेशी मारणार असेल, तर औषध कसलं? नुसतं विष.

तिच्या मार्गदर्शक सरांनी शांतपणे सांगितलं, आणखी एकदा करून बघ. तेच झालं तर काम बंद.

कुठून तरी उजेड शिरतोय, असं ताईने मामांना सांगितलं. मामा प्रयोगशाळेतले सर्वांत जुने मदतनीस. बाटल्या धुण्यापासून सरांचा राग उतरवण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे.

झालं. खिडकीला काळा कागद लागला. दाराच्या फटीत मामांचा जुना स्वेटर गेला, कुलपाच्या भोकात कापूस, यंत्राच्या हिरव्या दिव्यावर चिकटपट्टी. पेशींच्या डब्याला चंदेरी कागदाचे सात वेढे. नवरीलाही कोणी इतकं नटवत नाही. त्या काळोखात सरांचा पाय बादलीत गेला, तर त्यांनी बादलीचीच माफी मागितली. मग मामा दाराशी पहाऱ्याला बसले. दर दोन तासांनी ताई आत जाई, निश्चिंत चेहऱ्याने बाहेर येई आणि आत मस्त अंधार असल्याचं सांगून जाई.

तिसऱ्या दिवशी पेशी मेलेल्याच निघाल्या.

सरांनी मामांना विचारलं, आत कोण कोण गेलं होतं?

"कुणी नाही. एकट्या ताई."

"तू कशाला?"

"डब्यात अंधार आहे ना, ते बघायला. दर वेळी बघते तसंच," ताई म्हणाली.

"अंधारात अंधार दिसला कसा तुला?"

"कागद सोडवून, झाकण उघडून. मोबाइलच्या टॉर्चने..." वाक्य संपायच्या आत तिचा हात तोंडावर गेला.

कुंपणानेच शेत खाल्लं होतं. सरांनी खिडकीवरच्या काळ्या कागदाकडे तोंड फिरवलं; त्यांचे खांदे मात्र हसण्याने हलत होते. शेवटी म्हणाले, "एवढ्याशा टॉर्चनेही काम करतंय म्हणजे तुझं औषध. कर चौथ्यांदा."

या खेपेला मामांनी तिचा मोबाइल मागून घेतला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. ताई त्यांच्याशेजारी बसून नखं खात होती.

"मामा, एकदाच बघून येते."

"बघायला गेलात की अंधार नाहीसा होतो, ताई. काही गोष्टी आहेत असं मानून निवांत बसावं."

तीन दिवस ती बसली. कशी बसली ते तिलाच ठाऊक. पण डबा उघडला तेव्हा बाहेर उजेडात ठेवलेल्या पेशी पार संपलेल्या आणि डब्यातल्या ठणठणीत. ताईला रडू आलं, मामांनी आपला फडका पुढे केला, त्याला साबणाचा वास होता.

सरांनी सूक्ष्मदर्शकातून दोनदा पाहिलं, तिची पाठ थोपटली आणि दारापर्यंत जाऊन परत वळले.

"लोक विचारतील, आत अंधार होता कशावरून? पुढच्या वेळी मध्येच डबा उघडून एक फोटो काढून ठेवू. मीच येऊन काढीन."

मामा उठले आणि त्यांनी सरांपुढे हात पसरला.

"आणा तुमचाही मोबाइल इकडे."