उरलेला एक टक्का

"ह्या सिलिंडरमधला ऑक्सिजन शुद्ध आहे ना?" सांगलीहून आलेल्या अठरा जणांच्या वतीने विनीतने विचारले, आणि लिओनने खरे उत्तर दिले.

"ऑक्सिजन एकवीस टक्के आहे."

त्याची पत्नी रॉविना हिने नावे लिहायला उघडलेली वही मिटली. मालवणच्या किनाऱ्यावरून लिओन पर्यटकांना समुद्राखाली नेऊन प्रवाळ दाखवीत असे. रसायनशास्त्राच्या पदवीपायी त्याने त्या आठवड्यात दोन सहली गमावल्या होत्या. ही तिसरी गेली, तर त्याने मडगावला मेहुण्याच्या बेकरीत रुजू व्हायचे, असे घरात ठरले होते.

"एकवीसच? पास व्हायलासुद्धा पस्तीस लागतात! बाकीचं काय घातलंय?"

"अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन."

"पंपावर भरतात तो? म्हंजे मी काय टायर आहे व्हय?"

"मी काहीच घातलेलं नाही. वातावरणातच हे प्रमाण असतं. वायूंच्या ह्या थरामुळे आपण जिवंत आहोत."

"तो थर वर आहे. आम्हाला खाली जायचंय."

मग लिओनने दुसरी चूक केली. त्याने स्पष्टीकरण दिले. शुद्ध ऑक्सिजन खोल पाण्यातल्या दाबाखाली विषारी ठरतो, हे त्याने सांगितले. अठरा जणांपर्यंत त्यातला एकच शब्द पोहोचला, आणि तो शेवटच्या माणसापर्यंत जाईतो दोघांनी ते विष सिलिंडरात प्रत्यक्ष पाहिले होते. निम्मे लोक शेजारच्या तंबूकडे वळले. तेथे 'शंभर टक्के ऑक्सिजन' असा फलक होता. तेथली सिलिंडरे रोज सकाळी लिओनच्याच कॉम्प्रेसरवर भरली जात.

"तुका खरा सांगूक कोणी सांगल्यान रे?" रॉविना पुटपुटली. "आता मडगावाक जावन पिठाक सांग तुझे टक्के!"

जाता जाता विनीत थांबला. "एकवीस नि अठ्ठ्याहत्तर, नव्व्याण्णव. उरलेला एक टक्का कुठं गेला?"

"तो जवळजवळ सगळा आर्गॉन," लिओन हताशपणे म्हणाला.

निघालेली पावले थबकली.

"आर्गॉन! त्यांच्याकडं आहे?"

लिओनने तोंड उघडले. रॉविनाने त्याच्या पायावर पाय दिला आणि ती शुद्ध मराठीत म्हणाली, "त्यांच्या फलकावर लिहिलंय का, बघा."

लिहिलेले नव्हते. अर्ध्या तासात अठराही जण लिओनच्या होडीत होते.

दुपारी मंडळी टवटवीत होऊन परतली. विनीतचा गुडघा म्हणे एकदम हलका झाला होता. पाण्यात कोणताही गुडघा हलका होतो, हे लिओन सांगणार होता; परंतु रॉविना जवळच उभी होती.

निघताना त्या मंडळींतल्या सावित्रीकाकूंनी त्याला बाजूला घेतले. "आमचे हे दिवसभर पेंगतात. घरच्या हवेत आर्गॉन यावा म्हणून काय करू?"

कित्येक दिवसांनी कोणीतरी असा प्रश्न विचारला होता, ज्याचे उत्तर अचूक, संपूर्ण आणि सर्वथा निरुपद्रवी होते.

"काहीच करू नका, काकू. तो घरात आहेच."

काकूंनी पिशवी उचलली.

"सांगायचं नसलं तर तसं म्हणा की, बाबा. मी काय कुणाला बोलणार नव्हते."