शहाणी कवडी

तर मुलांनो, नीट बसा. अंग खाजवायचं असेल तर आधीच खाजवून घ्या, मध्येच चुळबुळ नको.

एका जंगलात एक वसाहत होती. वसाहत म्हणजे जिथे शेजाऱ्याकडे काय शिजतंय ते वासावरून कळतं आणि तरीही लोक विचारायला येतात, ती जागा. तिथे साळूबाई नावाची एक साळू राहत असे. साळू म्हणजे ती, अंगभर काट्यांची. तिने एक मांजर पाळली होती. पांढरी, अंगावर तपकिरी ठिपके, म्हणून नाव कवडी.

साळूने मांजर पाळावी का, असं विचारू नका. मांडीवर बसता येत नाही हे कवडीला पहिल्याच दिवशी समजलं होतं. बाकी दोघींचं बरं चाललं होतं.

साळूबाईच्या दारात एक चपटा दगड होता. थंडीत सकाळचं पहिलं ऊन त्या दगडावर येई. कवडी तिथे पडून राही. दगड, ऊन आणि वाटीभर मासळी, एवढ्यात ती सुखी होती.

शेजारी तरसराव राहत. सिंहाच्या दरबारात उरलंसुरलं आवरण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे त्यांची वर ओळख आहे असा सर्वांचा समज होता. त्यांनी बोका पाळला होता. त्याचं नाव ढाण्या.

एके सकाळी ढाण्या कुंपणाच्या फटीतून आला. त्याने कवडीला दगडावरून ढकललं, तिच्या पाठीवर नखं ओढली आणि स्वतः उन्हात पसरला.

साळूबाई तरसरावांकडे गेली.

“भाऊजी, तुमच्या ढाण्याने आमच्या कवडीला ओरबाडलं.”

तरसराव हसले. तरसच ते. “अहो वहिनी, खेळतो तो.”

“रक्त आलंय तिला.”

“माया आहे हो त्याची. परक्या मांजरीकडे तर तो ढुंकूनही बघत नाही.” आणि पुन्हा हसले.

साळूबाई परत आली. कवडी पाठ चाटत बसली होती. ती म्हणाली, “बाई, तुम्ही त्याला एकदा नुसते काटे फुलवून दाखवा ना.”

“अगं, शेजार आहे. रोज तोंड बघायचं असतं,” साळूबाई म्हणाली. आपले काटे ती चांगल्या कपबश्यांसारखे जपून ठेवत असे. पाहुण्यांना दिसावेत, पण वापरात येऊ नयेत.

मग प्रकरण वसाहतीच्या अध्यक्षांकडे गेलं. अध्यक्ष करकोचे एका पायावर उभे राहून विचार करत. त्यामुळे विचार खोल होई, पण एका बाजूला कलत असे. त्यांनी दोन्ही पक्षांना बोलावलं.

“टाळी एका हाताने वाजत नाही,” त्यांनी सुरुवात केली. सभेत सुरुवात अशीच करायची असते.

मग ते ढाण्याकडे वळले. ढाण्या त्यांच्याच खुर्चीच्या पायावर नखं घासत होता. अध्यक्षांनी घसा खाकरला. ढाण्याने मान वर केली नाही. अध्यक्षांनी पुन्हा खाकरला. ढाण्या जांभई देऊन झोपला.

तेव्हा ते कवडीकडे वळले. कवडी कान टवकारून, शेपूट पायांभोवती गुंडाळून नीट बसली होती.

“कवडे, तू शहाणी आहेस ना?”

“हो,” कवडी म्हणाली. कोणी विचारलं तर नाही कसं म्हणणार?

“मग तूच समजून घे.”

सगळ्यांना हायसं वाटलं. चहा झाला. शहाण्याला शब्दांचा मार, अशी आपल्याकडे म्हण आहे, मुलांनो. नीट ऐका ती. मार आहे, आणि तो शहाण्याला आहे.

कवडीने समजून घेतलं. दगड सोडून ती ओसरीत बसू लागली. तिथे ऊन उशिरा येई, आणि आलं की ढाण्याही येई. मग ती ओसरी सोडून घरात बसू लागली. ढाण्या घरात आला, तिची मासळीची वाटी चाटूनपुसून रिकामी केली आणि जाताजाता तिचा कान फाडला. कवडी फडताळावर चढली आणि तिथेच राहू लागली.

प्रत्येक वेळी अध्यक्ष आले. प्रत्येक वेळी त्यांनी विचारलं, “तू शहाणी आहेस ना?”

गंमत अशी, की साळूबाईला हे आवडू लागलं होतं. जिथे जाईल तिथे लोक म्हणत, “साळूबाई, मांजर असावी तर तुमच्या कवडीसारखी. काय वळण लावलंय!” साळूबाई मान खाली घालून म्हणे, “माझं कसलं, तिचाच स्वभाव तसा.” आणि घरी येऊन फडताळाखाली उभी राहून सांगे, “बघ, किती नाव झालंय तुझं.”

वर कवडीचं पोट पाठीला लागलं होतं.

संक्रांत आली. अध्यक्षांनी जाहीर केलं, की कवडीने सर्वांसमोर ढाण्याला तिळगूळ द्यावा. मांजरांचा तिळगूळ म्हणजे सुकटीचा लाडू. कवडीने दिला. ढाण्याने लाडू खाल्ला आणि तिच्या नाकावर पंजा मारला. गोड काही तो बोलला नाही. तोंडात लाडू असताना बोलणार कसं, असं तरसरावांनी हसत विचारलं. ते सर्वांना पटलं.

त्या दिवशी कवडीला फार वाईट वाटलं. नाकाचं वाटलं नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांत साळूबाई पुढे होती, त्याचं वाटलं.

शेवटी अध्यक्षांना कायमचा तोडगा सुचला. “नदीपलीकडे कवडीची मावशी राहते ना? कवडीने तिकडे जावं. इथे रोज कटकट, त्यापेक्षा बरं.”

“परत कधी येऊ?” कवडीने विचारलं.

“बघू पुढे. तू शहाणी आहेस.”

साळूबाईने डोळे पुसले आणि गाठोडं बांधलं. निरोप द्यायला तरसराव आले, अध्यक्ष आले. कवडी गाठोडं तोंडात धरून दारात आली. दगडावर सकाळचं कोवळं ऊन होतं. त्या उन्हात ढाण्या उताणा पडला होता.

कवडीने गाठोडं खाली ठेवलं. “एक विचारू? ढाण्याला का नाही पाठवत मावशीकडे?”

अध्यक्षांना प्रश्नाचं नवल वाटलं. “अगं, तो ऐकत नाही ना.”

“एवढंच?”

“एवढंच.”

इतके दिवस कवडीला वाटत होतं, की यामागे काहीतरी मोठा न्याय असेल. मग ती चालत दगडापाशी गेली, सगळी नखं बाहेर काढली आणि ढाण्याच्या थोबाडीत एक ठेवून दिली.

टाळीला दोन हात लागतात, मुलांनो. थपडेला एकच पुरतो.

ढाण्याला आजवर कोणी मारलंच नव्हतं. मार कसा असतो हे त्याला नुसतं बाहेरून माहीत होतं. तो किंचाळत बाभळीवर चढला आणि तिथून खाली बघेना.

तरसराव जन्मात पहिल्यांदा हसायचे थांबले. “हिंसा,” ते म्हणाले. “आपल्या वसाहतीत हिंसा.”

आणि साळूबाईचे काटे फुलले. हो, तेच काटे. सगळेच्या सगळे उभे राहिले, आणि कवडीच्या दिशेने. “हेच शिकवलं का मी तुला? चार लोकांत मान खाली घालायला लावलीस.”

कवडी तिच्याकडे बघत राहिली. “म्हणजे फुलतात तर,” ती म्हणाली. आणि दगडावर चढून बसली.

अध्यक्ष जरा लांबच उभे राहिले. “कवडे, तू शहाणी आहेस ना?”

“नाही,” कवडी पंजा चाटत म्हणाली.

“नाही म्हणजे? होतीस की.”

“होते.”

अध्यक्षांनी घसा खाकरला. कवडीने मान वर केली नाही. पुन्हा खाकरला. कवडी उन्हात आडवी झाली.

अध्यक्षांनी पाय बदलला. मग बाभळीकडे वळून ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, “ढाण्या बाळा, तू शहाणा आहेस ना?”

त्याला हे कोणी कधी विचारलंच नव्हतं. त्याने रडतरडत हो म्हटलं.

“मग तूच समजून घे.”

गाठोडं बांधलेलं तयारच होतं. ढाण्या तेच घेऊन नदीपलीकडे गेला. मावशी कवडीची होती, पण शहाण्याने असल्या बारीकसारीक गोष्टी बघायच्या नसतात. आता लोक तरसरावांना म्हणतात, बोका असावा तर तुमच्या ढाण्यासारखा, काय वळण लावलंय. तरसराव मान डोलावतात. हसत नाहीत.

कवडी अजून त्याच दगडावर बसते. साळूबाई वाटी आणून देते, वेळेवर, आणि जरा लांब ठेवते. दोघी एकमेकींशी फारसं बोलत नाहीत. मासळी मात्र पूर्वीपेक्षा ताजी असते.

तात्पर्य : शहाण्याने नेहमी माघार घ्यावी. म्हणून आपण शहाणे आहोत हे शेजारीपाजारी कोणाला कळू देऊ नये. आता सांगा पाहू, तुमच्यात शहाणं कोण आहे? कोणी हात वर केला असेल, तर त्याने तो गुपचूप खाली घ्यावा.