तिसऱ्या उमेदवाराची सही

"शनिवारी बोलायचं तेवढं बोल, शमुएल, पण कागदावर अक्षर उमटवायचं नाही. आभाळात तीन तारे दिसेपर्यंत पेनाला हात लावायचा नाही."

वडिलांचं, आरोन चेऊलकरांचं, हे सांगणं शमुएलनं परदेशातल्या दहा वर्षांत एकदाही पाळलं नव्हतं. पनवेलला परतल्यावर मात्र त्यानं शब्बाथचा, ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीचा, एवढा एक नेम धरला. रिक्षात बसायचा, फोन घ्यायचा. लिहायचा तेवढं नाही. हाती दुसरं काही उरलं नव्हतं, निदान नेम तरी असावा माणसाला.

डॉ. शमुएल पोस्टडॉक होता. म्हणजे शिक्षण संपलेलं, नोकरी लागलेली नाही, आणि मधल्या बाकड्यावर बसून जर्मनी, कोरिया, पुन्हा जर्मनी. विषय खारफुटीच्या चिखलातले जिवाणू. आपल्याच खाडीतला चिखल समजून घ्यायला तो हजारो मैल लांब गेला होता, आणि विचुंब्याच्या सोसायटीतले शेजारी अजून विचारत होते, "काय रे, संपलं का शिक्षण?"

नेऱ्याच्या रस्त्यावरच्या एका कॉलेजात सहायक प्राध्यापकाची एक जागा निघाली. मुलाखत नेमकी शनिवारी.

"बावीस पेपर?" प्राचार्या वसुंधराबाईंनी फाईल एका बोटानं लांब सरकवली. "मग एवढे हुशार असून इथे कसे?"

"जागा इथे आहे म्हणून."

"एफ.वाय.ला शिकवलंय कधी?"

"नाही."

"मग दहा वर्षं केलंत काय?"

नऊ मिनिटांत मुलाखत आटोपली. बाहेर कारकून जगननं हजेरीपट पुढे केला. आधीच्या दोघा उमेदवारांच्या सह्या झाल्या होत्या.

"आज तारे दिसेपर्यंत मी लिहू शकत नाही. शब्बाथ आहे," शमुएल म्हणाला.

जगन हसला. "म्हंजे तुमी शनवारतेली! आमचा आजा सांगायचा, शनवारी तुमच्या लोकांचा तेलाचा घाणा बंद. मंग अंगठा चालंल?"

"शाईची खूण म्हणजे लिहिणंच की."

"मी करू तुमची सही?"

"ती तर लबाडी होईल. असं करा, माझी गैरहजेरी लावा."

हे ऐकून वसुंधराबाई स्वतः दार उघडून बाहेर आल्या. "गैरहजेरी? छे छे! सर, तुमचा धर्म तो आमचा धर्म. सूर्य मावळेपर्यंत थांबा ना. जगन, सरांना पंख्याखाली खुर्ची दे. चहा सांग. सर, जेवायला पिठलं चालेल?"

मघाच्या 'मग केलंत काय' मधून एकदम 'सर' निघाला. शमुएलचा विश्वास बसेना. दहा वर्षांत त्याला प्रत्येक संस्थेनं 'कळवतो' म्हटलं होतं. 'थांबा' कुणी म्हटलं नव्हतं. त्यानं आईला फोन केला.

"आई, मला थांबवून घेतलंय."

"पावला एलियाहू हन्नाबी!" शोशानाबाई ओरडल्याच. "मी आत्ताच मलिदा बोलते. जागा पक्की झाली की सगळ्यांना बोलवू."

"अगं, थांब—" तोवर प्रेषित एलियाहूला मलिद्याचा, गोड पोह्यांच्या नैवेद्याचा, नवस बोलून झाला होता.

दुपारी पिठलं आलं, भात आला, वर ताकही आलं. चार वाजता मुलाखतीला बसलेले बाहेरचे तज्ज्ञ निवडीच्या कागदावर सही करून पळस्प्याच्या दिशेनं निघून गेले. आपल्याबद्दल काय लिहिलं असेल, या विचारानं शमुएलला ताकसुद्धा गोड लागलं. शेवटी न राहवून त्यानं विचारलं, "जगन, माझं कसं वाटतंय?"

जगन खाली बघू लागला. "तुमी तिसरं हाय, सर."

"तिसरा क्रमांक?"

"नाय वो. तीन माणसं हजर नसली तर मुलाखत रद्द, आमच्या संस्थेचा नियम. दुसरा तो दीपेश आमचाच पोरगा, आकड्यापुरता बसवलेला. जागा पहिल्या, आभा मॅडमची."

शमुएलनं ताकाचा पेला खाली ठेवला. कुणाची भाची, असं विचारायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात आभा मॅडमच जिन्यावरून आल्या. हातात पेपर तपासायचा गठ्ठा, चपलेला सेफ्टीपिन.

"तुमचं ठरलंय म्हणे," शमुएल कडवटपणे म्हणाला.

"दोनदा ठरलं होतं. दोन्ही वेळा तिसरा माणूसच आला नाही." त्या त्याच्याकडे न बघता बोलल्या. "तासिका तत्त्वावर अकरा वर्षं शिकवतेय इथे. सुट्टी लागली की माझी नोकरीही सुटते. तुमच्यावर अन्याय होतोय, कळतंय मला. तुम्ही उठून गेलात तरी मी काही बोलणार नाही."

"तारे दिसले की सही करतो," शमुएलच्या तोंडून निघून गेलं. "शब्द देतो."

त्या गेल्यावर जगन हळूच म्हणाला, "तुमी गेलात तर जाहिरात परत निघंल, जूनमधे. तवा मॅडमचं वय बसायचं नाय. तुमचं बसतंय."

नेम किती सोयीचा असतो, ते शमुएलला त्या क्षणी कळलं. 'आज तारेच दिसले नाहीत' म्हणून मान खाली घालून निघून जावं. वर लोक म्हणतील, केवढा धार्मिक!

सहा वाजून गेले तशी सगळी मंडळी मैदानात आली. हायवेच्या दिव्यांनी आभाळ भुरकट झालं होतं.

"ते बघा, तीनही!" जगन ओरडला.

"जगन, ते तिन्ही चालतायत. विमानं आहेत ती."

"नव्या विमानतळानं तुमच्या देवाची पंचाईत केली बघा!"

वसुंधराबाईंनी फोनवर तारे ओळखायचं ॲप उतरवायला घेतलं. ते आधी नाव, जन्मतारीख आणि ओटीपी मागू लागलं. आभा मॅडम पायरीवर बसून पेपर तपासत होत्या. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

मैदानाच्या टोकाला, नेऱ्यामागच्या डोंगरावर एक तारा दिसत होता. जरा वर दुसरा. शमुएल तिथेच बघत राहिला. बाकी सगळे पळस्प्याच्या बाजूला, विमानांकडे तोंड करून उभे होते. मग त्या दोघांच्या बाजूला एक बारीकसा ठिपका उमटला. चालत नव्हता. तो शमुएलशिवाय कुणीच पाहिला नाही.

त्यानं बोटांवर मोजलं: एक, दोन, तीन. मग आभा मॅडमच्या बाजूनं, त्यांचा गठ्ठा विस्कटणार नाही अशा बेतानं पाय टाकत, हजेरीपटाकडे, ऑफिसचा जिना चढू लागला.