बैल धुऊन आणावेत

आमच्या ऑफिसात जेवढ्या शिस्तीत सॉफ्टवेअर तयार होतं, तेवढ्या शिस्तीत अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात कुठं होत असेल तर मला दाखवा. मी स्वतः जाऊन त्यांना नमस्कार करून येईन. हे मी आजही छातीठोक सांगते. डिसेंबरात जे झालं ते झाल्यावरसुद्धा सांगते, म्हणजे बघा.

होटगी रोडवर एका टायरच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. माणसं तीन. मालक गुरुसर, माझी सहकारी उत्कर्षा आणि मी, बुद्धप्रिया. मी यायच्या आधी इथं प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून फिरायचे. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरं' आणि 'हेच घ्या' अशा नावांचे फोल्डर होते, आणि त्यातला खरा कुठला हे विचारलं की गुरुसर छताकडे बघायचे. एकदा उत्कर्षाचं दोन दिवसांचं काम त्यांनी आपल्या जुन्या फाइलनं पुसून टाकलं. त्यानंतर आठवडाभर ती त्यांच्याशी फक्त ई-मेलनं बोलत होती. दोघांच्या टेबलांत अंतर चार फूट.

मग मी प्लॅटफॉर्म आणला. सगळा कोड एकाच जागी. कोणी, कधी, कुठली ओळ बदलली आणि का बदलली, याची नोंद कायमची. काम करायचं ते मूळ कोडला हात न लावता आपल्या वेगळ्या प्रतीवर करायचं, दुसऱ्यानं ते वाचून पास करायचं, आणि मग हिरवं बटण दाबलं की ते मूळ कोडमध्ये मिसळून गिऱ्हाइकाच्या कामावर आपोआप चालू होतं. चुकलं तर मागची आवृत्ती परत आणता येते. मी तीन दिवस फळ्यावर चित्रं काढून हे दोघांना शिकवलं. शेवटी गुरुसर म्हणाले, "म्हंजे आता काही हरवणार नाही?"

"काहीच नाही सर."

"आणि कोणी केलं तेपण कळणार?"

"दहा सेकंदांत."

नियम मीच घातला. दुसऱ्यानं वाचल्याशिवाय हिरवं बटण दाबता येणार नाही. फक्त मी ॲडमिन असल्यामुळे मला सूट होती. अडीअडचणीला कोणाकडे तरी किल्ली असावी, म्हणून. त्या वेळी यात मला काही वावगं वाटलं नाही.

त्याच हंगामात मोहोळकडच्या एका साखर कारखान्याचं काम आम्हाला मिळालं. ऊस आणणाऱ्या तीनशे बारा बैलगाड्या होत्या. उद्या कुठली गाडी किती वाजता कुठल्या गेटवर यायची, हे रोज दुपारी चारला गाडीवानाच्या मोबाइलवर मेसेजनं कळवायचं. दीड महिना सगळं घड्याळासारखं चाललं. कारखान्याचे शेतकी अधिकारी शिवशरण फोनवर म्हणायचे, "मॅडम, लई बेस झालंय." मी तो फोन स्पीकरवर ठेवायची.

एकच अडचण होती. मराठी मेसेज सत्तर अक्षरांच्या पुढं गेला की तुटायचा आणि उरलेलं शेपूट कधी आधी, कधी नंतर पोचायचं. मी हे सोडवायला घेतलं. लांबलचक मजकूर लागणार होता, म्हणून माझ्या प्रतीत जे सुचलं ते लिहिलं. 'उद्या सकाळी सहाला गेट क्रमांक दोनवर यावे. येताना बैल धुऊन, शिंगे रंगवून व गळ्यात घुंगुरमाळा घालून आणावेत. अस्वच्छ बैलांना प्रवेश मिळणार नाही.' हे स्वतःला पाठवलं. अख्खं आलं, एका तुकड्यात. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीसकट गोल फिरले.

उत्कर्षा तेव्हा बँकेत गेली होती. जाताना म्हणाली होती, "मी आल्यावर वाचते, मग बटण दाब." पण तीन वाजले होते, आणि आजच्याच मेसेजपासून सुधारणा दिसावी असं मला फार वाटत होतं. माझ्याकडे किल्ली होती. मी हिरवं बटण दाबलं आणि चहा प्यायला खाली गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ऑफिस उघडतेय तोच शिवशरणांचा फोन आला. मी सवयीनं स्पीकर लावला.

"मॅडम, काल काय मेसेज पाठवलाय तुमी?"

"का? तुटला का कुठं?"

"न्हाय, तुटला न्हाय. सगळ्यांना पुरा पोचला."

"बघा," मी गुरुसरांकडे बघत म्हणाले. "म्हटलं नव्हतं मी?"

"मॅडम, जरा ऐका की. गेटवर एकबी गाडी न्हाय. पहाटेपासनं सगळे कालव्यावर बैल धुत्यात. मोहोळातला लाल रंग संपलाय. घुंगुरमाळा मिळंनात म्हणून दोघं जण करकंबला गेल्यात. बैलांचा बेंदूर सण परत आलाय का, असं लोक इचारायलेत. ट्रॅक्टरचा ऊस अजून तासभर पुरंल, मग गव्हाण मोकळी. गाळप थांबलं तर चेअरमनसाहेब मला त्याच कालव्यात बुडवतील."

गव्हाण म्हणजे चरकात ऊस सोडायची जागा. चरक एकदा थांबला की तो परत नीट चालू होईपर्यंत सगळा कारखाना ताटकळतो, हे मला ठाऊक होतं. पण तोंडातून वेगळंच आलं. "अशी सूचना आपल्या सिस्टिममध्ये नाहीच आहे. कोणीतरी घातली असणार."

"कोणी?" गुरुसरांनी विचारलं.

"दहा सेकंद द्या," मी म्हणाले आणि भिंतीवरचा मोठा स्क्रीन लावला. ती ओळ शोधली आणि ही कोणी लिहिली म्हणून क्लिक केलं. दहा नाही, चार सेकंदांत उत्तर आलं. स्क्रीनभर माझा फोटो. पदवीदान समारंभातला, गळ्यात पदक घातलेला आणि हसणारा. खाली लिहिलं होतं, काल दुपारी तीन वाजून सहा मिनिटं. तपासणारा, कोणी नाही. चाचणीसाठी लिहिलेला मजकूर काढायचा मी विसरले होते.

गुरुसर नुसतंच म्हणाले, "कळतंय की बरोब्बर."

आता खरं तर मी दोन मिनिटं डोकं धरून शांत बसायला हवं होतं. पण ज्या प्लॅटफॉर्मनं मला पकडलं त्यानंच आता मला वाचवावं, असं वाटत होतं. मागची आवृत्ती परत आणायची, एवढंच काम. मी जुन्या नोंदींची यादी उघडली. प्रत्येक बदलापुढं कारण लिहायचं असा माझा दंडक होता. उत्कर्षाच्या नोंदी वाचल्या की सगळं समजायचं. गुरुसरांच्या नोंदी अशा होत्या: 'बदल केला'. 'बदल केला'. 'परत बदल केला'. 'बदल केला'.

"सर, यातली कालच्या आधीची चालू आवृत्ती कुठली?"

गुरुसरांनी छताकडे बघितलं. "ती मधली असावी."

"बुद्धप्रिया, थांब, मी उघडून वाचते," उत्कर्षा म्हणाली.

"वाचायला वेळ कुठं आहे? तिकडं गव्हाण मोकळी होतेय." मी ती मधली आवृत्ती निवडली, आणि दुरुस्त सूचना ताबडतोब जावी म्हणून चारची वाट न बघता 'सर्वांना आत्ता पाठवा' हेही दाबलं.

पाच मिनिटांनी शिवशरणांचा फोन. या वेळी मी स्पीकर लावला नाही.

"मॅडम," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "आता जेवायला कोण बोलवायलंय?"

ती ऑक्टोबरातली आवृत्ती होती. हंगामाच्या शुभारंभाची. त्यातला मजकूर असा होता: 'आज दुपारी बारा वाजता सर्व सभासद व वाहनधारकांनी कारखाना स्थळावर सहकुटुंब भोजनास यावे.' आणि ती जुनी आवृत्ती फक्त गाडीवानांना नाही, तर सभासदांच्या पूर्ण यादीला मेसेज पाठवत होती. पाच हजार आठशे मोबाइल. सगळ्यांना पुरा पोचला.

गुरुसरांनी गाडीची किल्ली उचलली. "चल. इथं बसून आणखी काही दाबू नकोस."

उत्कर्षा मागं थांबली. तिनं एकेक नोंद उघडून वाचली, खरी आवृत्ती शोधली आणि आमची गाडी बाळे गावाच्या पुढं जाईपर्यंत बसवूनही टाकली. मला फोनवर एवढंच म्हणाली, "झालं. मेसेज काही पाठवलेला नाही. आता तोंडानं सांगा."

वाटेत मी माफीचं भाषण पाठ करत होते. काम जाणार, कारखाना आमचं नाव कधी काढणार नाही, आणि घरात पहिली इंजिनीअर म्हणून आईनं गल्लीभर वाटलेले पेढे लोक परत मागतील, असं सगळं डोळ्यांपुढं येत होतं. गुरुसर गाडी चालवत होते. मधेच म्हणाले, "'बदल केला' असं मी लिहायला नको होतं." त्यांनी हे कबूल केल्यावर मला आणखीच रडू यायला लागलं.

कारखान्याच्या रस्त्याला लागलो आणि गाडी थांबवावीच लागली. पुढं बैलगाड्यांची रांग होती. ऊस भरलेला आणि बैल चकचकीत. शिंगं लालभडक, कपाळाला गोंडे, गळ्यात घुंगुरमाळा. ज्यांना माळा मिळाल्या नव्हत्या त्यांनी सायकलच्या घंट्या बांधल्या होत्या. रांगेच्या दोन्ही बाजूंनी ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या बाया, टोप्या घातलेले म्हातारे आणि पोरं कारखान्याकडे चालली होती. खरं सांगते, त्यातही एक विचार चमकून गेलाच. एवढी माणसं एका मेसेजवर हलली. माझ्या मेसेजवर.

गेटवर शिवशरण उभे होते. गाळप पन्नास मिनिटं थांबलं होतं आणि आता तीनशे गाड्या एकदम वजनकाट्यावर आल्या होत्या. त्यांच्या हातात माइक होता. "तुमीच सांगा," म्हणून त्यांनी तो माझ्याकडे दिला.

पाठ केलेलं भाषण एकदम पुसलं गेलं. मी म्हणाले, "कालचा मेसेज चुकीचा होता. आजचाही चुकीचा होता. दोन्ही मी पाठवले. मला तपासून घ्यायला सांगितलं होतं, पण मी घेतलं नाही. बैल धुवायची काही गरज नव्हती. तुमची सकाळ वाया घालवली. मला माफ करा."

फक्त घुंगरं वाजत होती. पहिल्याच गाडीवर भीमा नावाचे गाडीवान आणि त्यांची बायको बजाबाई बसले होते. भीमांच्या हाताला कोपरापर्यंत लाल रंग लागला होता. बजाबाई खाली उतरून माझ्यापुढं आल्या.

"ताई, बैलाचं चुकीचं व्हतं का?"

"व्हय, मावशी."

"गार पाण्यात पहाटं पाचपासनं उभी व्हते मी. बैलबी माज्याकडं बघत व्हता, ही बाई येडी झाली का म्हणून." त्यांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "पर दिसतोय लई झ्याक. मेसेज चुकीचा आसंल, बैल न्हाय चुकीचा." मग त्यांनी माइककडं बघितलं. "बरं, ती चूक तर चूक. जेवान तरी खरं हाय का?"

मी शिवशरणांकडे बघितलं. त्यांनी माइक माझ्या हातातून घेतला.

"जेवान खरं हाय," ते म्हणाले. "कॅन्टीनमधी चुली पेटल्यात. भात आन् आमटी. गोड काय न्हाय, आदीच सांगतो."

एकदम हशा पिकला. चेअरमन दुपारी दीडला तावातावानं आले, तेव्हा अंगणात पंगती बसल्या होत्या आणि गव्हाणीत ऊस पडत होता. मी पातेलं घेऊन आमटी वाढत होते आणि गुरुसर पाणी देत होते. चेअरमननी आधी रंगवलेल्या बैलांची रांग बघितली, मग पंगत बघितली, मग शिवशरणांना विचारलं, "ही कल्पना कोणाची?"

शिवशरणांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी पळी हातात घेऊन उभी होते. चेअरमननी पायातल्या चपला काढल्या. मग म्हणाले, "पुढच्या वेळेला मला आधी सांगत जावा." आणि पंगतीत जाऊन बसले.

काम राहिलं. त्याच संध्याकाळी मी माझी ॲडमिनची सूट काढून टाकली. आता माझाही प्रत्येक बदल उत्कर्षा वाचते. पहिल्याच वेळी तिनं सतरा शेरे मारून परत पाठवला, आणि सतराच्या सतरा बरोबर होते. गुरुसरही आता कारण सविस्तर लिहितात. परवा त्यांनी एक स्वल्पविराम काढला आणि त्याबद्दल अर्धं पान लिहिलं. अशी शिस्त जिल्ह्यात दुसरीकडे असेल तर खरंच दाखवा.

मेसेजही आता सोळा आणे अचूक जातात. तपासलेले, अख्खे, बरोबर चारला. फक्त गाडीवान ते वाचतात, हसतात आणि मोबाइल खिशात ठेवतात. म्हणून कारखान्यानं मोटरसायकलवरचा एक माणूस नेमलाय. तो रोज साडेचारला ऊसतोडीच्या टोळ्याटोळ्यांवर जातो आणि ओरडून सांगतो, "आजचा मेसेज खरा हाय."

त्या माणसाचं वेळापत्रक मात्र आम्हीच प्लॅटफॉर्मवर ठेवतो.